म्युनिकमध्ये गाडीवाचून: पहिल्या तिकिटापासून रात्रीच्या ट्रामपर्यंत

विमानतळाच्या पोटातच एस-बानचं, म्हणजे इथल्या लोकलचं, स्टेशन आहे. हिरव्या गोलात पांढरा एस दिसला, की त्या दिशेनं सामान ढकलत निघायचं. दोन सरकते जिने उतरलात की थेट फलाट. वाटेत फाटक नाही, टीसी नाही, तिकीट दाखवा म्हणणारा कुणीही नाही. मी डोंबिवलीची. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण चुकून मागच्या दारानं आत शिरलो.

या शहराच्या वाहतुकीची गोम इथंच आहे. तुम्हाला कुणी अडवत नाही, त्यामुळे चूक करायला तुम्ही पूर्ण मोकळे असता. तिकीट कुठलं, शिक्का मारला का, गाडीचा पुढचा भाग कुठं जातो आणि मागचा कुठं, हे सगळं आपलं आपण बघायचं. एकदा ते जमलं की स्वतःच्या गाडीची आठवण येत नाही. मी आठ वर्षं इथं आहे, दोन घरं बदलली, एक बाळंतपण झालं, गाडी अजून घेतलेली नाही.

गाडीचं आधी बोलून टाकू

भारतीय लायसन्सवर जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच चालवता येतं. पुढे जर्मन लायसन्स लागतं आणि भारताला त्यात सवलत नाही. लेखी परीक्षा, प्रत्यक्ष परीक्षा, त्याआधी ड्रायव्हिंग स्कूलचे तास. अडीच-तीन हजार युरो सहज जातात. वर पार्किंग शोधणं हा स्वतंत्र व्यवसाय. ज्यांना खरंच लागते त्यांनी जरूर घ्यावी, पण आल्या आल्या 'गाडीशिवाय कसं होणार' ही धास्ती घेऊ नका.

पायरी १: घर बघतानाच झोन बघा

म्युनिक शहर म्हणजे एम झोन. त्याच्याभोवती कांद्याच्या पाकळ्यांसारखे १, २, ३ असे झोन. विमानतळ ५ मध्ये येतो. सुटं तिकीट काढताना दर या झोनवर ठरतो, त्यामुळे भाड्याच्या घराची जाहिरात वाचताना आधी जवळचं स्टेशन शोधा आणि मगच बाल्कनीच्या फोटोला भुला.

त्याहून महत्त्वाचं, ते स्टेशन यू-बानचं आहे की एस-बानचं? यू-बान म्हणजे शहरातली मेट्रो, निळ्या चौकोनात पांढरा यू. ती दिवसा पाच-दहा मिनिटांनी येतेच. एस-बान उपनगरांत जाते आणि एका मार्गावर साधारण वीस मिनिटांनी एक गाडी असते. शहराच्या मध्यात सगळे मार्ग एकत्र येतात म्हणून तिथं दर दोन-तीन मिनिटांनी गाडी दिसते आणि माणूस फसतो. घर बघायला गेलात तर खरी परीक्षा संध्याकाळी परत येताना होते. जानेवारीत, उणे पाच तापमानात, समोरून सुटलेली गाडी आणि पुढची वीस मिनिटांनी. ज्यांना परवडेल त्यांनी यू-बानच्या चालण्याच्या अंतरात दोन खोल्या कमी असलेलं घर घ्यावं, असं माझं मत. नवऱ्याचं मत वेगळं आहे.

पायरी २: तिकीट ठरवा

इथं राहायलाच आला असाल तर फार विचार करू नका. डॉइचलांडटिकेट घ्या. मे २०२३ मध्ये ते महिना ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, २०२६ पासून ६३ युरो आहे. या एका पासावर म्युनिकची यू-बान, एस-बान, ट्राम, बस, आणि देशभरातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, सगळं येतं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र नाहीत. झोनची कटकटही संपते.

त्याचे नियम मात्र नीट वाचा. हा पास कॅलेंडरच्या महिन्याचा असतो आणि दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावा लागतो. एक मैत्रीण ११ तारखेला भारतात सुट्टीला निघाली आणि विमानतळावर बसून पास रद्द करत होती. पुढचा अख्खा महिना तिचा पास म्युनिकमध्ये एकटाच फिरला. दुसरं, पास तुमच्या नावाचा असतो, त्यामुळे नवऱ्याचा बायकोला चालत नाही, आणि सोबत फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. तिसरं, मोबाइलवरच्या पासाचा स्क्रीनशॉट चालत नाही आणि बॅटरी संपली हे कारणही चालत नाही. फोन जुना असेल तर चिपकार्ड मागवा.

नोकरीत रुजू होताना एचआरला 'जॉबटिकेट' आहे का, हे विचारायला लाजू नका. कंपनीनं किमान २५ टक्के भार उचलला तर वर ५ टक्के सूट मिळते, म्हणजे ६३ च्या जागी तुमच्या खिशातून जास्तीत जास्त ४४ युरो १० सेंट. बऱ्याच कंपन्या देतात, पण आपणहून सांगतीलच असं नाही.

महिन्याच्या २४ तारखेला उतरलात तर आठवडाभरासाठी पूर्ण महिन्याचे पैसे कशाला? तेवढ्यापुरती दोन तिकिटं ओळखून ठेवा.

एक, टागेसकार्ट, म्हणजे दिवसाचं तिकीट. ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत चालतं. त्याचंच गटाचं रूप आहे, पाच मोठ्या माणसांपर्यंत एकच तिकीट, आणि ६ ते १४ वर्षांची दोन मुलं मिळून एक मोठं माणूस धरतात. सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. सासरचे आणि माहेरचे एकदम आले तर हे तिकीट काढा, निदान एवढ्यापुरते सगळे एकत्र राहतील.

दोन, श्ट्राइफनकार्ट. दहा पट्ट्यांचं लांबट कागदी तिकीट. एम झोनमधल्या एका प्रवासाला दोन पट्ट्या, अगदी जवळच्या प्रवासाला एक. 'जवळचा' म्हणजे चार थांब्यांपर्यंत, आणि त्यातले यू-बान-एस-बानचे जास्तीत जास्त दोन. एकाच कार्डावर दोघंतिघं जाऊ शकतात, प्रत्येकाच्या पट्ट्या वेगळ्या मोजायच्या. मात्र त्याच शिक्क्यावर परतीचा प्रवास होत नाही.

पायरी ३: शिक्का, शिक्का, शिक्का

नवीन माणूस हमखास अडकतो तो इथं. कागदी तिकिटावर 'बिट्टं हियर एंटवेर्टन' असा चौकोन छापला असेल तर तिकीट विकत घेऊन काम झालेलं नाही. फलाटाकडे उतरायच्या आधी, जिन्याच्या तोंडाशी, एक निळी पेटी असते. तिच्या फटीत तिकीट सरकवायचं. टर्र असा आवाज येतो आणि तारीख, वेळ, ठिकाण उमटतं. ट्राममध्ये आणि बसमध्ये हीच पेटी आत, दाराजवळ असते.

श्ट्राइफनकार्टचं तंत्र जरा वेगळं. दोन पट्ट्या लागणार असतील तर पहिली पट्टी दुमडून मागे टाकायची आणि दुसऱ्या पट्टीवर शिक्का घ्यायचा. त्याच्या वरची पट्टी आपोआप वापरली गेली असं धरतात. पहिल्या खेपेला मी इमानेइतबारे दोन्ही पट्ट्यांवर वेगवेगळा शिक्का मारला होता. तोटा झाला नाही, पण मागच्या आजोबांनी माझ्याकडे पाहून जी मान हलवली ती अजून आठवते.

तपासनीस साध्या कपड्यांत येतात. कानात इअरफोन घातलेला पोरगा तुमच्या समोर बसलेला असतो, दार बंद झालं की उठतो आणि म्हणतो, "फारशाइनं, बिट्टं." दंड ६० युरो. 'मी नवीन आहे', 'मला जर्मन येत नाही', 'तिकीट आहे हो, नुसता शिक्का राहिला', हे सगळं त्यांनी शंभरदा ऐकलेलं असतं. माझे बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नवंकोरं तिकीट पाकिटात जपून ठेवलं होतं, चुरगळू नये म्हणून. तो जपणुकीचा खर्च ६० युरो आला. सांगायला मीच विसरले होते, त्यामुळे चूक माझी. विनातिकीट प्रवास जर्मन कायद्यात गुन्हाही आहे, तेव्हा 'एकदा बघू काय होतंय' हा प्रयोग व्हिसावर असलेल्या माणसानं करू नये.

पायरी ४: दिशा म्हणजे शेवटचं स्टेशन

आपल्याकडे जसं 'कल्याण फास्ट' म्हटलं की दिशा कळते, तसंच इथंही आहे. पाटीवर 'रिख्टुंग' लिहून पुढे शेवटच्या स्टेशनाचं नाव असतं. तेवढं बघून भागत नाही, नंबरही बघायचा. मध्य शहरात यू-बानचे मार्ग जोडीजोडीनं एकाच बोगद्यातून जातात. यू३ आणि यू६ मारिएनप्लात्सला एकाच फलाटावर येतात आणि म्युन्शनर फ्रायहाइटच्या पुढे फुटतात. टीयू म्युनिक या तांत्रिक विद्यापीठाच्या गार्खिंगच्या कॅम्पसला जाणारी पोरं पहिल्या आठवड्यात एकदा तरी यू३ मध्ये बसून मोसाखच्या दिशेला लागतात. तुम्हाला यू६ हवी, आणि तीही 'गार्खिंग-फोर्शुंग्सत्सेंट्रुम' लिहिलेली. काही यू६ अलीकडे फ्र्योटमानिंगलाच संपतात. फ्र्योटमानिंग म्हणजे अलियान्झ अरेना या फुटबॉल स्टेडियमचं स्टेशन. मॅच असेल त्या दिवशी लाल मफलरांनी भरलेल्या डब्यात लॅपटॉपची बॅग घेऊन चढलात तर विरारची सवय कामी येईल.

शहराचं नाव पाटीवर 'म्युन्शन' असं येतं, म्युनिक शोधत बसू नका. मुख्य स्थानक म्हणजे हाउप्टबानहोफ, हा शब्द पाठच करा.

स्टेशनं मात्र रंगांवरूनही ओळखू येतात. मारिएनप्लात्सला नारिंगी भिंती. कांडिडप्लात्सला भिंतींवर इंद्रधनुष्य पसरलेलं. वेस्टफ्रीडहोफला अकरा अजस्र दिव्यांच्या टोप्या छताला टांगलेल्या, आत निळा, लाल, पिवळा उजेड. ही शेवटची दोन्ही यू१ वर आहेत. नोव्हेंबरातल्या एखाद्या पावसाळी रविवारी, दुकानं बंद असताना, पासावर फुकट बघून या.

पायरी ५: दार स्वतः उघडायचं

गाडी थांबली तरी दार आपोआप उघडेलच असं नाही. बटणाभोवतीचा दिवा लागला की दाबायचं. यू-बानच्या जुन्या डब्यांना तर बटणही नाही, खटका धरून ओढावा लागतो. आपण शिस्तीत दारासमोर उभे राहतो, दार उघडायची वाट बघतो आणि गाडी निघून जाते. हाउप्टबानहोफ आणि कार्ल्सप्लात्सला एस-बानची दारं दोन्ही बाजूंना उघडतात: एका बाजूनं उतरायचं, दुसऱ्या बाजूनं चढणारे येतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईतल्यांची.

एस-बान: थोडं जास्त बोलायला हवं

यू-बान १९७१ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, एस-बान १९७२ च्या एप्रिलमध्ये, दोन्ही त्या वर्षीच्या ऑलिंपिकच्या तयारीत. एस-बानचे जवळपास सगळे मार्ग शहराच्या मध्यात एकाच दोन रुळांच्या बोगद्यातून जातात. त्याला 'श्टामश्ट्रेक' म्हणतात. गर्दीच्या वेळी तिथून एका दिशेला तासाला ३० गाड्या निघतात. म्हणजे एका गाडीचं दार अडकलं, की मागच्या साऱ्यांची रांग. दुसऱ्या बोगद्याचं काम २०१७ मध्ये सुरू झालं, पण तो २०३५ च्या आधी काही सुरू होत नाही. जर्मन वक्तशीरपणाच्या गोष्टी ऐकून आला असाल तर त्या जरा बाजूला ठेवा.

श्टामश्ट्रेक बंद पडली की काय करायचं? फलाटावर उभं राहून पाटीकडे बघत बसायचं नाही. ओस्टबानहोफहून हाउप्टबानहोफला यू५ थेट जाते, वेगळ्या बोगद्यातून. पश्चिमेला पासिंगहून हाउप्टबानहोफला ट्राम १९ आहे, हळू पण भरवशाची, आणि प्रादेशिक गाड्याही आहेत. हे दोन मार्ग ठाऊक असलेला माणूस पहिल्या वर्षीच जुना म्युनिककर होतो. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी मार्ग ठरवून बंद ठेवतात. तेव्हा 'एस-ई-फाउ' (SEV) ही तीन अक्षरं दिसतील, म्हणजे रेल्वेऐवजी बस. शुक्रवारी रात्री एकदा अॅप बघायची सवय लावा. एमव्हीजीओ किंवा डीबी नॅव्हिगेटर, दोन्हींत ताजी माहिती असते.

मुंबईकरांना एक गोष्ट लगेच कळेल, ती म्हणजे डब्यांची संख्या. पाटीवर 'कुर्त्सत्सुग' आलं की गाडी चार डब्यांची, 'फोलत्सुग' आठ, 'लांगत्सुग' बारा. आपल्या नऊ डबा, बारा डबा, पंधरा डबा यांचीच बहीण. कुर्त्सत्सुग लांब फलाटाच्या एका तुकड्यापुरतीच थांबते. चुकीच्या टोकाला उभे असलेले सगळे मग एकदम पळतात. पळणाऱ्यांत पिशवीवाल्या आज्याही असतात.

विमानतळ: एस१ आणि एस८

शहरातून विमानतळ साधारण ४० मिनिटांवर. एस८ पूर्वेकडून जाते, एस१ पश्चिमेकडून, दोन्ही वीस-वीस मिनिटांनी. निवड असेल तर एस८ घ्या. कारण एस१ नॉयफार्न नावाच्या स्टेशनात दोन तुकडे होते: पुढचा भाग फ्रायझिंगला जातो, मागचा विमानतळाला. डब्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, घोषणाही होते, पण पहाटे पाचला भावाला आणायला निघालेल्या मला झोपेत काही ऐकू आलं नाही. डोळे उघडले ते फ्रायझिंगला. सुंदर गाव आहे, जुनं कॅथीड्रल आहे. भाऊ मात्र दोन बॅगांवर बसून होता. एस१ घेतलीत तर म्युनिकहून निघताना मागच्या भागात बसा आणि नॉयफार्नला डोळे उघडे ठेवा.

येताना-जाताना 'फ्लूगहाफन बेझूखरपार्क' हे आधीचं स्टेशन आहे. नावात फ्लूगहाफन ऐकून उतरू नका.

किराणा, बाबागाडी, सायकल

दहा किलो तांदळाची गोणी ट्राममध्ये कशी न्यायची हा खरा प्रश्न. उत्तर म्हणजे दोन चाकांची कापडी ट्रॉली. तिला इथले लोक गमतीनं 'हाकनपोर्शे' म्हणतात, म्हणजे टाचेमागची पोर्शे. आधी लाज वाटते, मग तिच्याशिवाय बाहेर पडवत नाही.

बाबागाडी बसमध्ये मधल्या रुंद दारानं चढवायची. यू-बानला लिफ्ट असतात. अधूनमधून एखादी बंद असते तेव्हा अनोळखी माणूस काही न बोलता बाबागाडीचं पुढचं टोक उचलतो, वर नेऊन ठेवतो आणि निघून जातो. इथल्या माणसांबद्दलचं माझं बरंचसं मत या जिन्यांवर तयार झालं आहे.

सायकल यू-बान आणि एस-बानमध्ये चालते, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ बंदी. तिला वेगळं तिकीट लागतं. बस-ट्राममध्ये सायकल नाहीच. घडीची सायकल घडी करून सामान म्हणून फुकट जाते.

शहराबाहेर

शनिवारी सकाळी डॉइचलांडटिकेटवर गार्मिशचे डोंगर, फ्युसेनमार्गे नॉयश्वानश्टाइनचा किल्ला, थेट ऑस्ट्रियातलं झाल्सबुर्ग स्टेशन, सगळं होतं. झाल्सबुर्गच्या शहर बसला मात्र हा पास चालत नाही. परतताना सीमेवर पोलीस चढतात, म्हणून पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड जवळ ठेवा. डब्यात डबा उघडायला हरकत नाही, फक्त गरम सांबार उघडताना शेजारच्यांचा विचार करा. थालीपीठ सगळ्यांत सोयीचं.

रात्री

आठवड्याच्या मधल्या रात्री साधारण एक ते चार यू-बान बंद असते. मित्राकडे गप्पा लांबल्या, मंडळाच्या नाटकाची तालीम उशिरा सुटली, तर घाबरून टॅक्सी बोलवू नका. नंबराआधी एन असलेल्या ट्राम आणि बस रात्रभर चालतात, आठवड्यात तासाला एक, शुक्रवार-शनिवारच्या रात्री अर्ध्या तासानं. बहुतेक रात्रीच्या ट्राम कार्ल्सप्लात्सला येतात. त्या चौकाला कुणी कार्ल्सप्लात्स म्हणत नाही, विचारताना 'श्टाखुस' विचारा. आणि सकाळी काढलेलं टागेसकार्ट फेकलं नसेल तर खिसे तपासा, सहा वाजेपर्यंत ते चालू आहे.